पर्याय (अ): मागचं दार

जीवराम आप्पांना खोटं बोलता येत नसे. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून सारी नोकरी गेली, पण साहेब आत बसलेले असताना फोनवर 'साहेब दौऱ्यावर आहेत' एवढं सांगायचं झालं, तरी आप्पांचे कान लालबुंद व्हायचे आणि आवाज असा चिरकायचा, की पलीकडचा म्हणे, "बरं बरं, साहेबांना सांगा मी बाहेरच उभा आहे." शेवटी साहेबांनी तो फोनच उचलून शिपायाच्या स्टुलाशी नेऊन ठेवला. अशा माणसावर निवृत्तीनंतर खोट्या गोष्टी लिहून काढायची वेळ यावी आणि ती पोटच्या मुलीनेच आणावी, यापरती देवाची थट्टा ती कोणती?

मुलगी मोनाली धुळ्यात देवपूरला स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवते. तर्कक्षमतेच्या पेपरात एक प्रकार असतो, 'विसंगती दूर करा'. प्रश्न धंद्या-व्यापारावरचे. म्हणजे असं: एका कंपनीने मालाचा भाव वाढवला, तरी खप वाढला. हे कसं? खाली चार कारणं दिलेली. त्यातलं एकच कारण गाठ सोडवतं, बाकीची तीन नुसती शेजारून हात हलवत जातात. मोनालीकडच्या पुस्तकांत धंदे कुठले, तर डेन्मार्कचं चीज आणि कुठल्याशा बेटावरची पर्यटक बोट. साक्री-शिरपूरकडची पोरं बोटीतच बसून राहायची, विसंगतीपर्यंत पोचायचीच नाहीत.

"आपल्याकडचे प्रश्न हवेत आप्पा," मोनाली एका रात्री जेवताना म्हणाली. "डाळमिल, केळी, सराफाचं दुकान. कोण लिहून देणार?"

आप्पांनी घास खाली ठेवला. "मोनू, अगं हे तर आपले महाराज रोज करतात."

आता आप्पांचं कीर्तनाचं वेड सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. धुळ्याच्या आसपास कुठेही टाळ वाजला, की आप्पांची स्कूटर आपोआप तिकडे वळते असं प्रमिलाबाई म्हणतात, आणि प्रमिलाबाई नवऱ्याबद्दल वाढवून बोलत नाहीत, कमी करून मात्र बोलतात. कीर्तनात महाराज आधी अभंग घेतात, मग स्वतःच शंका काढतात. देव जर सगळीकडे आहे, तर देवळाची पायरी का चढायची? झालं! सगळा मंडप चिंतेत. पखवाजवाला थांबतो, टाळकरी एकमेकांकडे बघतात, मागच्या बाया तर डोळ्याला पदर लावायच्या बेतात, की आता देवाचं कसं होणार. आणि मग महाराज हसून म्हणतात, "बापा, हवा सगळीकडे आहे, पण बासरीत शिरल्याशिवाय तिचा सूर होतो का?" समाधान! टाळ्यांचा कडकडाट. या एका क्षणासाठी आप्पा चाळीस किलोमीटर स्कूटर हाणत. माणसाला शंका पडावी आणि ती कुणीतरी मायेने सोडवावी, याहून मोठं सुख त्यांना माहीत नव्हतं.

तर आप्पा प्रश्नकर्ते झाले. मोनालीने दोन नियम सांगितले. पहिला: बरोबर उत्तर एकच. दुसरा: चुकीचे तीन पर्याय असे लिहायचे, की खरे वाटले पाहिजेत.

"म्हणजे पटणारं खोटं?" आप्पांनी विचारलं. कान तेव्हाच गरम व्हायला लागले होते.

"हो. पण त्याने विसंगती दूर व्हायला नको."

हे शेवटचं वाक्य ती स्वयंपाकघरात जाता जाता बोलली, आणि कुकरची शिट्टी झाली. सगळा घोटाळा इथून सुरू झाला असं मोनाली म्हणते. आप्पा म्हणतात, शिट्टी हे निमित्त, प्रारब्ध खरं.

चार दिवस आप्पा गॅलरीत पेन चावत बसले. विसंगती शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. आग्रा रोडच्या अलीकडे बाजारपेठेत रतनलाल शेठचं किराणा दुकान, आणि दुकानामागेच घर. रतनलाल धर्माने जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणार, म्हणून दिवस कलला की दुकानाचं शटर खाली. नंतर देव जरी गिऱ्हाईक म्हणून आला तरी उघडणार नाहीत. आणि पेठेत गर्दी केव्हा? तर संध्याकाळीच! शेजारचं दुकान रात्रीपर्यंत दिव्यांनी झगमगत असतं. तरी विक्री जास्त कुणाची? रतनलालची. त्यांच्याच दाराशी डाळीची पोती सारखी उतरत असतात. आप्पांना हा प्रश्न वर्षानुवर्षं छळत होता. त्यांनी नाव न घालता तो सुवाच्य अक्षरात उतरवला:

'एका बाजारपेठेत संध्याकाळी सर्वाधिक गर्दी असते. एक किराणा दुकानदार नेमका तेव्हाच दुकान बंद करतो. तरीही त्याची विक्री रात्रीपर्यंत उघड्या असणाऱ्या शेजारच्या दुकानापेक्षा जास्त आहे. ही विसंगती कशाने दूर होते?'

बरोबर उत्तर म्हणून त्यांनी आधी लिहिलं होतं 'ईश्वरकृपा'. मोनालीने ते खोडलं. "याने विसंगती दूर होत नाही आप्पा, नुसती श्रद्धा वाढते." मग आप्पांनी डोकं खाजवून पर्याय तयार केले. (अ) दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने विक्री सुरू असते. (ब) दुकानात अशी एक वस्तू मिळते, जी शहरात इतरत्र मिळत नाही. (क) दुकानदार धंदा गुंडाळून परगावी जाणार असल्याने माल मिळेल त्या भावात काढून टाकत आहे. (ड) दुकानदार सकाळी सर्वांच्या आधी दुकान उघडतो. आणि उत्तर, ड.

मोनालीच्या क्लासची त्या आठवड्यात नवी बॅच सुरू होत होती. तिने न वाचताच पेपर छपाईला दिला.

पेपर झाल्यावर ती घरी आली तीच चप्पल न काढता. "आप्पा! चारही बरोबर येतात!"

"म्हणजे?"

"अहो, मागच्या दाराने विकत असेल, तर विक्री वाढेलच ना? दुर्मीळ वस्तू असेल तरी वाढेल. स्वस्तात काढत असेल तरी वाढेल. चारही पर्यायांनी विसंगती दूर होते! पोरं भांडायला आली माझ्याशी."

आप्पांना खरं सांगायचं तर जरा अभिमानच वाटला. एका शंकेला चार समाधानं! कीर्तनात असं झालं असतं तर महाराजांना लोकांनी खांद्यावर घेतलं असतं. परीक्षेत मात्र हा गुन्हा ठरतो, हे त्यांना त्या दिवशी समजलं. मोनालीने सगळ्या पोरांना त्या प्रश्नाचे फुकट गुण दिले आणि विषय संपला.

म्हणजे तिचा संपला. कारण पोरांनी पेपर घरी नेले, आणि घरी पालक होते. साऱ्या पेठेत दिवस मावळताना बंद होणारं किराणा दुकान एकच. ते ओळखायला तर्कक्षमता लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रतनलाल शेठ स्वतः आप्पांच्या दारात उभे. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात घडी घातलेला पेपर. प्रमिलाबाईंनी पाणी पुढे केलं. त्यांनी नुसतं तोंडाला लावल्यासारखं केलं. हा माणूस आप्पांचा कीर्तनातला सोबती. धर्म जैन, पण कान पुरते टाळ-मृदंगाचे. दरवर्षी चैत्रात हरिनाम सप्ताह भरतो, तो त्यांच्याच गोदामाशेजारच्या मोकळ्या जागेवर. मंडपाला जागा त्यांची, पंगतीला डाळ त्यांची, आणि सप्ताहाचे चिटणीस जीवराम आप्पा. यंदा तर अमळनेरकडच्या महाराजांची तारीख मिळाली होती. ती मिळावी म्हणून आप्पा किती वर्षं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत होते, ते त्यांचं त्यांना माहीत.

"आप्पा," शेठजी म्हणाले, "दोन दिवस झाले, मी अर्धपोटी झोपतोय."

"काय झालं शेठजी? तब्येत?"

"तब्येत कसली! मी ताटावर बसतो. सूर्य बुडायला चार घास बाकी. आणि मागच्या दाराची कडी खडखड, खडखड. उघडलं तर बाई पिशवी घेऊन उभी. 'शेठजी, इथे मागून स्वस्त मिळतं ना?' तिला नाही म्हणेपर्यंत दुसरा. 'ती दुसरीकडे न मिळणारी वस्तू दाखवा.' मी म्हटलं, कोणती? तर तो डोळा मारतो आप्पा! माझ्या या वयात मला डोळा मारतो! परत ताटावर येतो तोवर सूर्य गेलेला. सूर्य कुणासाठी थांबतो का? ताट तसंच."

आप्पांचे कान पेटले. "शेठजी, ते तर फक्त चुकीचे पर्याय होते."

"आणि तो क? माझ्या सोयऱ्यांचा फोन आला, 'धंदा गुंडाळून कुठं चालले?' म्हणे. अन तुमचं ते बरोबर उत्तर, ते तरी बरोबर लिहायचं! मी सकाळी पूजा आटोपून दहाला दुकान उघडतो. सगळ्यांच्या नंतर!"

म्हणजे तर्काने चारही खरे, आणि रतनलालच्या दुकानी चारही खोटे.

शेठजी उठले. टोपी नीट केली. "माझ्या दुकानावरचा हा डाग जाईल, तेव्हाच माझ्या जागेत मंडपाचे वासे उभे राहतील. नाहीतर यंदाचा सप्ताह दुसरीकडे बघा."

दुसरीकडे कुठे? मंडपाला तेवढी जागा पेठेत नव्हती, आणि महाराजांची तारीख तर पंधरवड्यावर आलेली.

बातमी गल्लीत पसरायला फार वेळ लागला नाही. समोरच्या ज्योत्स्नाबाई भाजी निवडतानिवडता आल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, मी सांगते, शेठजींना घरी बोलवा आणि भरताची पार्टी द्या. वांग्याच्या भरतापुढे कोणाचा राग टिकत नाही." जैन माणूस वांगं खात नाही, हे त्यांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग त्यांच्यासाठी आमटी करा, भरीत आम्ही खाऊ." वरच्या मजल्यावरचे ईश्वरभाऊ कोर्टात बेलिफ होते, ते निवृत्त झाले तरी कायदा त्यांच्या अंगातून निवृत्त झाला नव्हता. ते म्हणाले, "प्रतिज्ञापत्र करा. शपथेवर लिहून द्या, की तुमची तीन विधानं खोटी आहेत. कायद्यापुढे अफवा टिकत नाही."

हा सल्ला आप्पांना भारदस्त वाटला. हेडक्लार्कच्या रक्ताला कागदावरच्या शिक्क्यानेच शांती मिळते.

तहसील कचेरीतल्या टायपिंगवाल्याने मजकूर ऐकला आणि हात मशिनवरून काढून घेतले. "काका, लोक खरं आहे म्हणून शपथ घेतात. खोटं आहे म्हणून शपथ घ्यायचा नमुना नाही आमच्याकडे."

"नवा करा."

"जातीच्या दाखल्याचा आहे. उत्पन्नाचा आहे. नाव बदलल्याचा आहे. त्यात बसवू?"

शेवटी 'नाव बदलल्याच्या' नमुन्यातून मजकूर तयार झाला. 'मी, खाली सही करणार जीवराम पाटील, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर दुकानाच्या मागच्या दाराने कोणतीही विक्री होत नाही, सदर दुकानात कोणतीही दुर्मीळ वस्तू मिळत नाही...' नोटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मागच्या दाराशी उभं राहून बघितलंय?" "नाही." "मग शपथ कशी घेता?" "मीच ते रचलंय साहेब!" नोटरींनी क्षणभर त्यांच्याकडे करुणेने पाहिलं आणि शिक्का मारला.

प्रतिज्ञापत्राचा फोटो मोनालीने पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. परिणाम काय व्हावा? ज्यांनी प्रश्न वाचला नव्हता, त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. 'स्टॅम्प पेपरवर नाही म्हणतात, म्हणजे काहीतरी आहेच,' असा साऱ्या देवपूरचा निष्कर्ष निघाला. त्या संध्याकाळी शेठजींच्या मागच्या दाराशी रांग लागली. रांगेत ज्योत्स्नाबाई होत्या. "मी फक्त बघायला गेले होते," त्या नंतर म्हणाल्या, "सगळे उभे होते म्हणून उभी राहिले."

आप्पा पुन्हा शेठजींकडे गेले. शेठजी गादीवर टेकून बसले होते. आवाज चढवला नाही, हेच आप्पांना जास्त लागलं.

"आप्पा, खोटं काय ते साऱ्या गावाला कळलं. आता खरं काय ते आणा. माझं दुकान का चालतं?"

"ते तुम्हालाच माहीत असणार शेठजी."

"मला? मी सकाळी गादीवर असतो, दुपारी गोदामात. संध्याकाळी घरी. मला काय ठाऊक का चालतं! देवाची कृपा म्हणत होतो. ती तर तुमच्या मुलीने खोडली म्हणे." मग म्हणाले, "अखिलला विचारा. जळगावला आहे, मोठ्या कंपनीत. एमबीए केलंय त्याने."

दुसऱ्या दिवशी आप्पा जळगावच्या एसटीत. पारोळा, एरंडोल, खिडकीतून झळा, आणि शेजारी बसलेल्या गृहस्थाची कोंबडी आप्पांच्या पिशवीशी सलगी करत होती. अखिल हा शेठजींचा मुलगा, एका पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या मार्केटिंग खात्यात. त्याने आप्पांना एसीत बसवलं, लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर रंगीत खांब उभे केले.

"काका, सगळं लोकेशन आहे."

"शेजारचं दुकान त्याच लोकेशनवर आहे बाळा."

"मग ब्रँड."

"पाटीवरची अक्षरं उडालीत रे. 'रतन' गेलं, 'लाल' तेवढं उरलंय."

अखिलने लॅपटॉप मिटला. मग उत्साहाने म्हणाला, "का चालतं ते सोडा काका, पुढे कसं चालेल ते बघा. आत ते जुनं लांब बाकडं आहे ना, आईने ठेवलेलं? ते काढतोय. बाया तासन् तास बसून राहतात, जागा अडते. तिथे काचेचं काउंटर बसवणार. बाबांनी होकार दिलाय. पुढच्या सोमवारी सुतार येतोय."

आप्पा 'छान छान' म्हणाले, कान लाल न होता, कारण खरंच त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं.

परतल्यावर त्यांनी ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही. स्वतः पाहायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते रतनलालच्या समोरच्या चहाच्या टपरीमागे उभे राहिले. टोपी डोळ्यावर, हातात वर्तमानपत्र, अगदी सीआयडी. पण चैत्रातलं धुळ्याचं ऊन म्हणजे काय ते धुळेकरालाच माहीत. वर्तमानपत्रातल्या ओळी हळूहळू पोहायला लागल्या. मग पत्र्याची टपरी पोहायला लागली. आप्पांना शेवटचं आठवतं ते एवढंच, की ते टपरीचा खांब धरायला गेले आणि खांब हातात आला नाही.

शुद्ध आली तेव्हा ते त्याच लांब बाकड्यावर आडवे होते. डोक्याखाली कुणाची तरी पिशवी, त्यात बहुतेक कांदे. तारादेवी, शेठजींच्या पत्नी, माठातलं पाणी त्यांच्या कपाळावर शिंपडत होत्या.

"उठायचं नाही आप्पा. पडून राहा. वाळा घातलाय पाण्यात, घोट घोट घ्या."

आप्पांनी डोळे किलकिले केले. बाकड्यावर त्यांच्या पायाशी तीन-चार खेड्यातल्या बाया दाटीवाटीने बसलेल्या. एकीने मांडीवर पोर निजवलेलं. खाली पिशव्यांचा डोंगर.

"भाऊ, पाय जरासा लांबा करा, आम्ही आठे सरकी जातस," एक म्हणाली. दुसरी दारातून बाहेर डोकावली. "रुपली, गाडी ऊनी का वं?" "नही ऊनी अजून. येळ शे. बठ तू."

तारादेवी तिला म्हणाल्या, "रुपली, तुझी शेंगदाण्याची पिशवी मी आत ठेवलीय, विसरू नको. हळद झाली का घ्यायची?" "नही ना, द्या पावशेर. आनि साबण." गाडी यायची तोवर आणखी काय काय आठवत गेलं. एकीला गूळ, एकीला वातीचा कापूस, एकीला सुनेच्या डोहाळजेवणाचं खोबरं. डब्यांची झाकणं उघडत होती, तारादेवी मापत होत्या, हसत होत्या, कुणाच्या जावयाची चौकशी करत होत्या. शेठजी गोदामात होते. शेजारच्या झगमगीत दुकानात चिटपाखरू नव्हतं. तिथे उभं राहायला फरशी होती, बसायला काही नव्हतं.

मग बाहेर कुणीतरी ओरडलं, गाडी लागली! बाकडं एका दमात रिकामं झालं. बाया, पिशव्या, पोर, सगळं साक्रीच्या गाडीकडे धावलं. तारादेवींनी मापं पुसून ठेवली, आप्पांना सोडायला रिक्षा बोलावली, आणि दिवस कलताच शटर खाली आलं.

आप्पा घरी पोचले. प्रमिलाबाईंनी आधी कपाळाला हात लावून ताप पाहिला, मग त्यांच्या हातातली पिशवी उघडली. हिंगाची डबी. तीळ. पापडखार. आणि उंदराचा सापळा.

"अहो, आपल्याकडे उंदीर कुठेत?"

आप्पा पिशवीकडे बघतच राहिले. हे सगळं आपण घेतलं केव्हा? आठवलं, की उठून बसल्यावर नुसतं काय बसायचं, माउलीने एवढं पाणी पाजलं, म्हणून आधी हिंग मागितला. मग फळीवर तीळ दिसले. मग एक बाई सापळा घेत होती, तो बघून तो. ऊन लागून पडलेला, हेरगिरीला आलेला माणूस तासाभरात पिशवी भरून घरी आला होता!

आणि त्या सापळ्याकडे बघताबघता आप्पांना समाधान झालं. मंडपात होतं तसं. त्यांनी टाळी वाजवली. प्रमिलाबाईंनी पुन्हा कपाळाला हात लावून पाहिला.

सकाळी पूजा आटोपून शेठजी दुकान उघडतात न उघडतात, तोच आप्पा सापळ्यासकट हजर. आत तारादेवी माठ भरत होत्या.

"शेठजी, पेठेत संध्याकाळी गर्दी असते असं कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? आपण गाववाले! आपण संध्याकाळी येतो, म्हणून आपल्याला बाजार संध्याकाळचा वाटतो. तुमचं गिऱ्हाईक खेड्यावरचं. ते सकाळच्या गाडीने येतं, दिवस मावळायच्या आत परत जातं. तुम्ही शटर ओढता तेव्हा तुमचं गिऱ्हाईक साक्रीच्या वाटेला लागलेलं असतं. शंका अशी नव्हतीच शेठजी, आपणच बांधलेली गाठ!"

शेठजी विचारात पडले. "बरं. पण खेड्यावरचं गिऱ्हाईक शेजारी का जात नाही?"

आप्पांनी आवाज खाली आणला. कीर्तनात महाराज आणतात तसा. "कारण शेजारी बाकडं नाही."

तारादेवींनी माठावर झाकण ठेवलं, त्याचा आवाज तेवढा झाला.

"काल मी तुमच्यावर पाळत ठेवायला आलो होतो," आप्पा म्हणाले, आणि सापळा काउंटरवर ठेवला. "हा बघा पुरावा. माझ्या घरात उंदीर नाही. पण ज्याला बसायला जागा मिळते, पाणी मिळतं, त्याला काहीतरी घ्यावंसं वाटतंच. आणि सोमवारी तुम्ही ते बाकडं काढताय."

शेठजींनी बायकोकडे पाहिलं. किती वर्षं ते तिला म्हणत आले होते, ही धर्मशाळा करून ठेवलीयस तू दुकानाची. तारादेवी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, बाया बसल्या तर काय बिघडतं. तुम्ही म्हणालात, अखिलला जास्त कळतं."

शेठजींनी गल्ल्यावरचा फोन उचलला. "अखिल? सुताराला सांग, येऊ नको. नाही, काउंटर नको. नाही रे, ब्रँड नाही. बाकडं!" मग फोन ठेवून आप्पांना म्हणाले, "मंडपवाल्याला सांगा, उद्यापासून खड्डे खणा." दारापर्यंत पोचवायला आले आणि हळूच विचारलं, "सापळा परत घेऊ का?"

"नको," आप्पा म्हणाले. "देवघरात ठेवणार आहे."

सप्ताह ठरल्या तिथीला उभा राहिला. अमळनेरचे महाराज आले, गळ्यात हार पडले, पहिल्या दिवशी मंडप असा भरला की लोक गोदामाच्या पायऱ्यांवर बसले. आप्पांचे डोळे दर दहा मिनिटांनी भरून येत. मोनालीने तो प्रश्न दुरुस्त करून नव्या पेपरात घातला. बरोबर उत्तर: 'दुकानाचे बहुतांश ग्राहक बाहेरगावचे असून संध्याकाळपूर्वी परततात.' बाकीचे तीन पर्याय तिने स्वतः लिहिले, एकदम निरुपद्रवी. एकात तर दुकानाचा रंग होता.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना भटारखान्यात गोदामापलीकडे ऐकू जाईल अशी ओरड झाली. आमटीला हिंग संपला. प्रमिलाबाईंनी आप्पांच्या हातात रिकामी पिशवी दिली. "शेजारच्या दुकानातून आणा पटकन, शेठजींचं बंद झालं असेल."

शेजारचं दुकान उघडं होतं, पण मालक कीर्तनाला आलेला होता. आप्पा गोदामाच्या बाजूने आडवाटेने परत निघाले आणि वळणावर थबकले.

शेठजींच्या मागच्या दाराशी रांग होती. शांत, शिस्तीची, कीर्तनातून उठून आलेल्या बायांची. दार अर्धं उघडं. आत तारादेवी, एका बाजूला तराजू, एका बाजूला पाण्याचा माठ, आणि दारापाशी एक छोटं स्टूल, ज्यावर एक म्हातारी आरामात बसून साखर घेत होती. लोक खडखड करून जेवू देत नाहीत, म्हणून तारादेवींनी ताटं अर्धा तास आधी वाढायला सुरुवात केली होती. जेवण उरकून मग दारच उघडून ठेवायचं. आलेल्याला परत काय पाठवायचं?

आप्पांना आपलं प्रतिज्ञापत्र आठवलं. सदर दुकानाच्या मागच्या दाराने कोणतीही विक्री होत नाही. शिक्क्यासकट. आता ते खोटं झालं होतं, आणि पर्याय (अ), त्यांनी घाम गाळून रचलेला, खरा.

तेवढ्यात शेठजी टोपी नीट करत बाहेर आले, कीर्तनाला निघालेले. दोघांची नजरानजर झाली. शेठजींनी रांगेकडे पाहिलं, आप्पांच्या पिशवीकडे पाहिलं.

"आप्पा, इकडे कुठे?"

मंडपातून महाराजांचा आवाज येत होता. त्यांनी नुकतीच शंका काढली होती आणि सगळा मंडप श्वास रोखून समाधानाची वाट पाहत होता. रांगेत ज्योत्स्नाबाईंच्या मागे जागा रिकामी होती. आप्पांनी पिशवी पाठीमागे लपवली.

"मी? मी कीर्तनालाच चाललोय," ते म्हणाले.

शेठजींनी त्यांच्या कानांकडे पाहिलं, हसले, आणि आत वळून हाक मारली, "अगं, आप्पांना हिंग दे आधी. महाराज समाधानाला आलेत."